बुलढाणा जिल्ह्यातील नवअभियंत्यांचा व्यावसायिक विकास

अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका मिळाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तरुण अभियंत्यास प्रत्यक्ष कामाचे शिक्षण, अनुभवी ज्येष्ठांचे मार्गदर्शन आणि पुढील अध्ययनाची संधी मिळावी यासाठी असलेल्या व्यवस्थेस व्यावसायिक विकास असे म्हटले जाते. महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील बुलढाणा जिल्ह्यात अभियांत्रिकीचे शिक्षण १९८३ पासून उपलब्ध आहे. तथापि मोठ्या उद्योगांची संख्या मर्यादित असल्याने पदवीनंतरच्या प्रशिक्षणासाठी येथील अनेक तरुणांना जिल्ह्याबाहेर जावे लागते.

पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती आणि तीत ग्रामीण लोकसंख्येचे प्रमाण मोठे होते. जिल्ह्याची अर्थव्यवस्था प्रामुख्याने शेतीवर आधारलेली आहे. खामगाव ही कापसाची जुनी बाजारपेठ असून, कापसाच्या वाहतुकीसाठीच ते एकोणिसाव्या शतकात जलंब येथे लोहमार्गाने जोडले गेले. हिंदुस्थान युनिलिव्हरचा साबणाचा कारखाना खामगाव येथे आहे.

शैक्षणिक संस्था

महाराष्ट्र शासनाने १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच वर्षी शेगाव येथे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. जिल्हा ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो, ते अमरावती विद्यापीठही (सध्याचे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ) १९८३ मध्येच स्थापन झाले. पुढे चिखली येथे अनुराधा अभियांत्रिकी महाविद्यालय आणि मलकापूर येथे पद्मश्री डॉ. वि. भि. कोलते अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. डॉ. कोलते हे महानुभाव साहित्याचे अभ्यासक व नागपूर विद्यापीठाचे माजी कुलगुरू होते. पदविका शिक्षणासाठी खामगाव येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे. पदविकाधारकांना पदवी अभ्यासक्रमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ मध्ये आदर्श अभ्यासक्रम जाहीर केला. त्यात पदवीसाठी आवश्यक श्रेयांक १६० पर्यंत कमी करण्यात आले, नवागतांसाठी तीन आठवड्यांचा प्रारंभिक कार्यक्रम सुचवण्यात आला आणि आंतरवासितेस अभ्यासक्रमात स्थान मिळाले. त्यामुळे कारखाना, बांधकामस्थळ किंवा शासकीय कार्यालयातील काम हा शिक्षणाचाच भाग ठरला.

शिकाऊ उमेदवारी

नवअभियंत्यांच्या प्रशिक्षणाचा प्रमुख कायदेशीर आधार म्हणजे शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ होय. मूळ कायदा मुख्यतः कारागीर व्यवसायांसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले. त्यांच्या प्रशिक्षणाचा कालावधी सामान्यतः एक वर्षाचा असतो. पश्चिम विभागासाठीच्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाचे मुख्यालय मुंबई येथे आहे.

२०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ कामगार असलेल्या आस्थापनांसाठी ही बाब ऐच्छिक आहे. याच नियमांनी पदवीधरांसाठी दरमहा किमान ९,००० रुपये आणि पदविकाधारकांसाठी ८,००० रुपये विद्यावेतन ठरवले.

या तरतुदीचा बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने विशेष अर्थ आहे. लहान जिनिंग कारखाना, तेलगिरणी किंवा दुरुस्तीची कार्यशाळा बऱ्याचदा सक्तीच्या मर्यादेखाली राहते. त्यामुळे जागा उपलब्ध होणे मालकाच्या इच्छेवर अवलंबून असते. जवळच्या मोठ्या आस्थापनांपैकी पारस येथील औष्णिक विद्युत केंद्र (प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच) अकोला जिल्ह्यात, तर दीपनगर येथील केंद्र जळगाव जिल्ह्यात आहे. पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर येथे राहून प्रशिक्षण घेणाऱ्यास खोलीभाडे व जेवणाचा खर्च विद्यावेतनातूनच भागवावा लागतो. प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर नोकरी देण्याचे सर्वसाधारण बंधन कायद्याने मालकावर घातलेले नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना सुरू केली. तीत पदविकाधारकांना दरमहा ८,००० रुपये व पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले. सुरुवातीस सहा महिन्यांचा असलेला कालावधी पुढे अकरा महिन्यांचा करण्यात आला.

शासकीय सेवेतील प्रशिक्षण

स्थापत्य अभियंत्यांसाठी शासकीय प्रकल्प हे जिल्ह्यातील महत्त्वाचे कार्यक्षेत्र आहे. पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्प, खडकपूर्णा, नळगंगा व पेनटाकळी हे पाटबंधारे प्रकल्प आणि जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जाणारा समृद्धी महामार्ग ही त्याची उदाहरणे होत. शासकीय सेवेत येणाऱ्या अभियंत्यांना नाशिक येथील महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनीत प्रशिक्षण दिले जाते. सिंचन व्यवस्थापनाचे प्रशिक्षण छत्रपती संभाजीनगर येथील जल व भूमी व्यवस्थापन संस्था (वाल्मी, स्थापना १९८०) देते.

नव्या अभियंत्यास सुरुवातीसच जबाबदारीचे काम देण्याची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले आणि त्यांची सुरुवातीची वर्षे नाशिक व खानदेशात गेली. त्यांचा जन्मदिन, १५ सप्टेंबर, भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

निरंतर अध्ययन आणि प्रेरणा

१९२० मध्ये स्थापन झालेली इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) ही संस्था अभियंत्यांना सदस्यत्व आणि पात्रतेनुसार चार्टर्ड अभियंता ही मान्यता देते. एनपीटीईएल व स्वयम् या मंचांवर आयआयटी व अन्य संस्थांतील प्राध्यापकांचे अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यावी लागते. लहान गावांतील अभियंत्यांना घरी राहून विषयज्ञान वाढवण्यास त्यांचा उपयोग होतो. यंत्रासमोर उभे राहून मिळणाऱ्या अनुभवाची जागा मात्र ते घेऊ शकत नाहीत.

नवअभियंत्याचा उत्साह टिकण्यास केवळ वेतन पुरेसे ठरत नाही. कामाचा हेतू समजणे, स्वतंत्रपणे पार पाडता येईल असे निश्चित काम मिळणे, चूक झाल्यास ती वेळीच दाखवून देणारा ज्येष्ठ सहकारी लाभणे आणि केलेल्या कामाची नोंद होणे या बाबी महत्त्वाच्या असतात. शिकाऊ उमेदवारास वर्षभर केवळ नोंदवह्या भरण्याचे काम दिल्यास प्रशिक्षणाचा हेतू साधत नाही. लहान कार्यशाळेत यंत्रसामग्री मर्यादित असली, तरी मोजमापापासून ग्राहकाशी बोलण्यापर्यंतचे सर्व काम एकाच व्यक्तीस पाहायला मिळते. मालकांनी ऐच्छिक तरतुदीचा लाभ घेतल्यास अशा कार्यशाळा जिल्ह्यातच प्रशिक्षणाची केंद्रे ठरू शकतात.