दरखदार, कुलकर्णी आणि हिशेबाची तपासणी

राज्याचा पैसा ज्याच्या हातून खर्च होतो त्याच्यावर दुसऱ्या कोणाची तरी नजर असावी, हे तत्त्व इंग्रजी अमदानीबरोबर आपल्याकडे आले, अशी समजूत अद्यापि आढळते. ती टिकण्यासारखी नाही. १६७४ साली राज्याभिषेकप्रसंगी 'मुजुमदार' हे फारसी पदनाम जाऊन 'अमात्य' हे संस्कृत नाव आले. काम मात्र जमाखर्च तपासण्याचे तेच राहिले. सभासदाच्या बखरीत किल्ल्यांची जी व्यवस्था वर्णिली आहे तीतही हवालदार, सरनोबत व सबनीस यांचा दर्जा सारखा ठेवलेला दिसतो. कोठाराचा हिशेब कारखानीसाकडे वेगळाच होता. एकाने फितुरी वा अफरातफर करावयाची म्हटली तरी इतरांना सामील करून घेतल्यावाचून ती साधू नये, असा हा बंदोबस्त होय.

कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, १७१५ मध्ये, सिद्ध झालेले 'आज्ञापत्र' रामचंद्रपंत अमात्यांचे मानले जाते. ज्याने आयुष्यभर राज्याचा हिशेब पाहिला अशा मनुष्याचा हा ग्रंथ आहे, हे वाचताना विसरता येत नाही. गडावरील अधिकारी ठराविक मुदतीनंतर बदलावेत, एके ठिकाणी त्यांची मुळे रुजू देऊ नयेत, असा त्यातील आग्रह आहे. वतनदारांविषयी तर ग्रंथकार विशेषच सावध आहे: हे लोक म्हणजे आपापल्या जागी लहानसे राजेच, त्यांना वाढू देऊ नये आणि डिवचूही नये. पुढे याच अमात्यांचे घराणे बावड्याचे वंशपरंपरागत जहागीरदार म्हणून नांदले. ग्रंथातील इशारा किती खरा होता, याचा पुरावा ग्रंथकाराच्याच घरात मिळावा, हा योगायोग नव्हे.

पेशवाईत प्रांतोप्रांतीच्या मामलेदारावर दरखदार नेमलेले असत. दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, चिटणीस, पोतनीस इत्यादी. त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदारास नव्हता, कारण त्यांची नेमणूक हुजुरातून होई. अडचण पुढे आली. दरख स्वतःच वंशपरंपरेचे झाले. तपासनिसाला निर्भय करण्यासाठी दिलेली स्थिरता पिढ्यान्‌पिढ्या मुरल्यावर मिळकत बनते. दुसऱ्या बाजीरावाने मामले मक्त्याने देण्यास आरंभ केल्यावर तर तपासणीचे प्रयोजनच उरले नाही, कारण मक्तेदाराकडून ठरली रक्कम येण्यापलीकडे हुजुरास काही पाहावयाचे राहिले नव्हते.

कोल्हापुरात याची दुसरी बाजू १८४४ मध्ये दिसली. कंपनी सरकारच्या पाठिंब्याने कारभारी झालेल्या दाजी कृष्ण पंडितांनी गडकऱ्यांच्या जमिनींचा कारभार मामलेदारांकडे सोपविला. हिशेबाच्या दृष्टीने ही सुधारणाच होती. गडकऱ्यांनी मात्र ती पिढीजात हक्कावरील घाला मानली. सामानगडापासून उठाव झाला आणि तो मोडण्यास कंपनीची फौज आणावी लागली. तपासणी कोणाच्या नावाने व कोणाच्या बळावर होते, हा प्रश्न तिच्या गुणावगुणांइतकाच महत्त्वाचा ठरला.

गावपातळीवर हाच पेच कुलकर्णी वतनाचा होता. पीक, जमीन, वसुली यांची नोंद ठेवणारा आणि त्या नोंदीवर ज्याचे गावातील वजन अवलंबून तोही एकच घराण्यातला. छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. या निर्णयाकडे ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाचे एक प्रकरण म्हणूनच बहुधा पाहिले जाते. तो अर्थ खोटा नाही, पण अपुरा आहे. नोंद ठेवणारा नोकर पगारी असावा आणि त्याची बदली करता यावी, ही 'आज्ञापत्रा'तील गडाची रीत दोनशे वर्षांनी गावच्या चावडीवर आली, असेही त्याचे वर्णन करता येईल. मात्र पगारी नोकर वरिष्ठाच्या मर्जीवर राहतो. दरखदाराची निर्भयता तलाठ्याला लाभली नाही.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढील वर्षी अंमलात आलेल्या संविधानाने नियंत्रक व महालेखापरीक्षक हे पद निर्माण केले. त्याला दूर करण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच ठेवली, आणि पद सोडल्यावर केंद्राची वा राज्याची कोणतीही नोकरी त्याला बंद केली. राज्याच्या हिशेबाविषयीचा त्याचा अहवाल राज्यपालाकडे जातो व राज्यपाल तो विधिमंडळापुढे ठेवतो.