निळ्या ज्योतीची निगा

आमच्या एका सहकाऱ्यांच्या घरी चार बर्नरांची आणि खाली भट्टी असलेली परदेशी बनावटीची भारी गॅसशेगडी आहे. वर्षभरात तिची एक ज्योत पिवळी पडली आणि भांड्यांची बुडे काळवंडू लागली. कारागीर आला. त्याने बर्नरची टोपी काढली, कडेच्या छिद्रांतून बारीक तार फिरवली, हवेची झडप किंचित उघडली आणि ज्योत निळी झाली. आमच्यापैकी ज्यांचे बालपण रॉकेलच्या स्टोव्हभोवती गेले, त्यांना त्या तारेत स्टोव्हची पिन आठवली. मग प्रश्न पडला, की या पिनेचा इतिहास कोणी लिहिला आहे काय?

शोधाचा इतिहास अर्थातच लिहिलेला आहे. इंग्लंडात जेम्स शार्प यांनी १८२६ मध्ये गॅसच्या चुलीचे पेटंट घेतले. लंडनच्या रिफॉर्म क्लबचा प्रसिद्ध आचारी अलेक्सी स्वायर याने १८४० च्या दशकात तेथील मुदपाकखान्यात गॅस वापरला. १८५५ च्या सुमारास बुन्सेनचा बर्नर आला. जळण्यापूर्वीच वायूत हवा मिसळू लागली आणि काजळी धरणाऱ्या पिवळ्या ज्योतीची निळी झाली. आमच्या मते निगेचा प्रश्न येथेच खऱ्या अर्थाने बदलला. यापुढे ज्योतीचे आरोग्य एका सूक्ष्म छिद्रावर आणि हवेच्या वाटेवर अवलंबून राहिले. उतू गेलेल्या दुधाचा एक थेंबही ते बिघडवू शकतो.

तरीही एकोणिसाव्या शतकातील बहुतेक इंग्रजी घरांत कोळशाची लोखंडी चूलच होती. रोज पहाटे राख उपसायची, धुराड्याची काजळी झाडायची आणि लोखंडाला काळ्या शिशाचे, म्हणजे ग्रॅफाइटचे, पॉलिश चढवायचे. हे काम करणाऱ्या हातांनी स्वतः लिहिलेले फारच थोडे उरले आहे. हॅना कल्विक (१८३३–१९०९) या मोलकरणीच्या रोजनिश्या हा त्यातला ठळक अपवाद. तिने त्या आर्थर मन्बी या उच्चभ्रू गृहस्थाच्या इच्छेवरून लिहिल्या. १८७३ मध्ये त्याच्याशी तिचा गुप्त विवाह झाला. रोजनिश्या ग्रंथरूपाने आल्या त्या मात्र १९८४ मध्ये. एका गृहस्थाच्या विलक्षण कुतूहलामुळे हा दस्तऐवज वाचला, हे ध्यानात घेऊनच तो वाचावा लागतो. पण म्हणून तिचे श्रम खोटे ठरत नाहीत.

गॅस आल्यावर हे कष्ट संपले, अशी आपली समजूत असते. रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात तिला धक्का दिला. नव्या साधनांनी प्रथम वाचवले ते लाकूड फोडण्यासारखे पुरुषांचे काम. स्वच्छतेची अपेक्षा वाढली, आणि ती गृहिणीच्या वाट्याला आली. (हे विधान अमेरिकेविषयी आहे, पण आमच्या घरांतून ते परके वाटत नाही.)

निगेने सरकारी मोहिमेचे रूप घेतले, तेव्हा मात्र तिची नोंद झाली. ब्रिटनमध्ये १९६७ ते १९७७ या काळात कोळशापासून केलेल्या वायूऐवजी नैसर्गिक वायू आला, आणि घरोघरी जाऊन उपकरणांचे बर्नर व जेट बदलावे लागले. नवा वायू अधिक उष्णता देणारा, म्हणून छिद्रे लहान झाली. मुंबईत सिलिंडरकडून नळाच्या वायूकडे जाताना उलटे घडते. नैसर्गिक वायूची उष्णता सिलिंडरमधील वायूपेक्षा आकारमानाने कमी, म्हणून छिद्र मोठे करावे लागते.

सहकाऱ्यांच्या शेगडीसोबत आलेली इंग्रजी पुस्तिका आम्ही चाळली. बर्नर कोमट साबणपाण्याने धुतले जावेत, पूर्ण कोरडे केले जावेत, छिद्रे मोठी होणार नाहीत याची काळजी घेतली जावी. सारे कर्मणी प्रयोगात, आणि कर्ता कोठेही नाही. व्याकरण शिकवणाऱ्यांच्या नजरेतून हे कसे सुटावे?

त्या घरी कामाला येणाऱ्या मावशींनी ही पुस्तिका वाचलेली नाही. टोपी ओली राहिली की ठिणगी पडत नाही, हे त्यांना दुसऱ्याच आठवड्यात कळले. तेव्हापासून त्या चारही टोप्या धुऊन खिडकीच्या कठड्यावर उन्हात पालथ्या घालतात, आणि भांडी होईपर्यंत शेगडीला कोणाला हात लावू देत नाहीत.