'अपग्रेड' म्हणजे नक्की काय? प्रेक्षकातून टिपलेली 'शक्ती'ची मैफल

(भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' बरेच उडवलेत, काही राहिले असतील.)

जानेवारी 2023 मध्ये 'शक्ती' या बँडने आपला पन्नाशीचा दौरा भारतातून सुरू केला. बेंगळुरू, मुंबई, कोलकाता, दिल्ली. गिटारवर जॉन मॅकलॉफ्लिन, वय वर्षं 81. तबल्यावर झाकिर हुसेन, गायला शंकर महादेवन, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन, तालवाद्यांवर सेल्वागणेश. त्यातल्या मुंबईच्या कार्यक्रमाचं, प्रेक्षकात बसून फोनवर केलेलं रेकॉर्डिंग एका मित्राने मला पाठवलं. फाइलच्या नावात शेवटी लिहिलं होतं 'अपग्रेड'. आजचा भाग या एका शब्दाबद्दल आहे.

आधी थोडी ओळख, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना शंकर महादेवन माहीत असतात आणि शेजारी बसलेला पांढऱ्या केसांचा गोरा आजोबा माहीत नसतो. मॅकलॉफ्लिन 1942 चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. 1969 मध्ये तो माइल्स डेव्हिसच्या 'बिचेस ब्रू'वर वाजवत होता. 1971 मध्ये त्याने 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' काढला. दोन मानांची इलेक्ट्रिक गिटार आणि कान फाटतील एवढा आवाज. रॉकवाले त्याला आजही मानतात ते या काळासाठी. आणि मग, नाव टिपेला पोचलेलं असताना, हा माणूस साधी लाकडी गिटार घेऊन स्टेजवर मांडी घालून बसला. गिटारही खास बनवून घेतलेली: फ्रेटच्या मधलं लाकूड खोलगट कोरलेलं, म्हणजे तार ओढून मींड काढता येते, शिवाय नुसत्या झंकारासाठी आडव्या लावलेल्या जादा तारा. सोबतीला माहीममध्ये वाढलेला विशीतला झाकिर, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम.

इथे एक गंमत लक्षात घ्या. 'शक्ती'चा पहिला अल्बम स्टुडिओत झालाच नाही. 5 जुलै 1975 ला अमेरिकेत लाँग आयलंडच्या एका कॉलेजात कार्यक्रम झाला, त्याचंच रेकॉर्डिंग 1976 मध्ये अल्बम म्हणून आलं. 1977 पर्यंत आणखी दोन अल्बम, मग मोठी शांतता. 1997 पासून 'रिमेंबर शक्ती' या नावाने पुन्हा सुरुवात. डिसेंबर 2000 मध्ये मुंबईत वाजवलेलं 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' म्हणून बाहेर आलं, तेही लाइव्हच. स्टुडिओ अल्बम 'धिस मोमेंट' आला थेट जून 2023 मध्ये, आणि त्याला फेब्रुवारी 2024 मध्ये ग्रॅमी मिळालं. म्हणजे जानेवारीतली मुंबई या अल्बमच्या पाच महिने आधीची.

15 डिसेंबर 2024 ला सॅन फ्रान्सिस्कोत झाकिरभाई गेले. 2025 मध्ये या दौऱ्याचा अधिकृत लाइव्ह अल्बम आला, पण अधिकृत अल्बम म्हणजे निवडलेलं. बाकीच्या रात्रींचं जे काही माझ्यासारख्या घरी बसलेल्या माणसाला ऐकायला मिळेल, ते लोकांच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. आणि ते फोन आत्ताच एक्स्चेंज ऑफरमध्ये चाललेत.

प्रेक्षकाने चोरून किंवा उघड रेकॉर्ड करणं हे काही फोनपासून सुरू झालेलं नाही. 1901 ते 1903 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा लायब्ररियन लायोनेल मेपल्सन मेणाच्या नळकांड्यांवर ऑपेरा टिपत होता. चरचर इतकी की आवाज शोधावा लागतो, तरी आजही लोक ते जीव टाकून ऐकतात. सत्तरच्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये माइक मिलर्ड नावाचा पठ्ठ्या व्हीलचेअरमध्ये कॅसेट डेक लपवून आत न्यायचा. चालता येत होतं बरं का त्याला! त्याने 21 जून 1977 ला केलेलं लेड झेपेलिनचं रेकॉर्डिंग जगभर फिरलं, पण फिरलं ते कॉपीची कॉपी, तिची कॉपी असं. 'ग्रेटफुल डेड'ने तर 1984 पासून रेकॉर्ड करणाऱ्यांना बसायला वेगळी जागाच दिली.

आपल्याकडेही हेच होतं, फक्त व्हीलचेअर नव्हती. आधी स्पूल, मग कॅसेट. भीमसेनजी, कुमारजी, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या खासगी बैठका रसिकांच्या कपाटात राहिल्या आणि विश्वासातल्या माणसाला कॉपी करून मिळाल्या.

कॅसेटच्या जमान्यात प्रत्येक कॉपीला 'पिढी' म्हणायचे. दर पिढीला खरखर वाढायची, वरचे स्वर मंद व्हायचे आणि डेकचा वेग थोडा चुकला की सूर हलायचा. त्यामुळे 'अपग्रेड'चा मूळ अर्थ एकच होता: तुमच्याकडे चौथी पिढी आहे, मला दुसरी सापडली. थोडक्यात, मुळाच्या दिशेने मागे जाणं.

वेग दुरुस्त करायची एक युक्ती मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. आपल्या विजेची फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झ. मायक्रोफोनच्या वायरमधून तिची बारीक घुंऽऽ टेपवर उतरते. कॉम्प्युटरवर ती घुं 53 हर्ट्झला दिसली तर टेप सहा टक्के जोरात पळतेय. सहा टक्के म्हणजे काळी एक लावलेला गायक पांढरी दोनला जाऊन बसतो! अर्थात ऐंशीच्या दशकात आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सीसुद्धा वरखाली व्हायची, तेव्हा पेटीचा सूर लावूनही खात्री करावी लागते.

आता जरा चारशे वर्षं मागे चला. मी गंगाखेडचा, म्हणजे जनाबाईंच्या गावचा. त्यांचे अभंग आपल्यापर्यंत आले ते नामदेवांच्या गाथेतून, हाताने उतरवलेल्या वह्यांमधून, आणि त्यांच्या नावावरचे सगळेच त्यांचे का, यावर अभ्यासक अजून भांडतात. पिढ्यांचा प्रश्न पोथीलाही होताच. याच गोदावरीवर वरच्या अंगाला पैठण. तिथल्या एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 ला, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. मूळ ग्रंथ शके 1212 चा. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत उतरवून घेणाऱ्यांच्या चुका साचलेल्या. नाथ स्वतः केवढे मोठे कवी, गाळलेली ओवी मनाने भरणं त्यांना अवघड होतं का? पण काम संपल्यावर त्यांनी बजावून ठेवलं की यात कोणी आपल्या ओव्या घालू नयेत.

मला वाटतं 'अपग्रेड'ची याहून चांगली व्याख्या कुठल्याच टेपवाल्याने केलेली नाही.

आता माझ्याकडे आलेली फाइल. हेडफोनवर पहिली दोन मिनिटं एकदम भारी वाटली. खोकला नाही, खुर्ची नाही, टाळ्या लांब कुठेतरी. मग कान अडखळायला लागले. तबल्याचा बायाँ मींड घेऊन खाली जातो तिथे शेपूटच कापलेलं. आणि झाकिरभाई जिथे बोटांच्या टोकांनी अगदी हलकं वाजवतात तिथे मध्येमध्ये भोकं. कारण साधं आहे. आवाज साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरला टाळी आणि तबल्यावरचं हलकं बोट जवळपास सारखंच दिसतं: दोन्ही क्षणभराचे, दोन्ही सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पसरलेले. टाळ्या काढायला सांगितल्या, त्याने बोटंही काढली. वर दोन्ही कानांत वेगळा आवाज येईल असा कृत्रिम पसाराही घातलेला. फाइल फ्लॅक, पण स्पेक्ट्रोग्राम काढला तर 16 किलोहर्ट्झच्या वर सगळं सपाट. म्हणजे कुठेतरी मध्ये ती दाबली गेली होती, मग मोठ्या डब्यात भरली. स्टीलच्या डब्यात ठेवला म्हणून शिळा भात ताजा होत नाही.

मग मित्राला विचारलं तुला कोणी दिली, त्याने त्याच्या मित्राला विचारलं. तिसऱ्या हाताला मूळ फोनची फाइल निघाली. फोन आवाज आपोआप कमीजास्त करतो, त्यामुळे ढोबळ टाळी पडली की पुढचा सेकंदभर सगळं दबतं. शेजारचा माणूस मांडीवर ताल धरतोय, तोही चुकीचा. पण बायाँ पुरा आहे. बोटं आहेत. आणि एक तिहाई समेवर येण्याच्या जरासं आधी हॉलमधून जो 'हाऽ' उठतो, तो आहे. साफ केलेल्या फाइलमध्ये तो खोकल्याबरोबर गेला होता. समेआधी दाद देणारा श्रोता आपल्या मैफलीत वाजवणाऱ्याइतकाच हजर असतो, त्याला 'नॉइज' कसं म्हणायचं? (भागात इथे मी दोन्हीकडचे काही सेकंद ऐकवले होते. संगीत नाही, फक्त तो 'हाऽ' आणि त्याच्या जागची शांतता.)

मी काय केलं? फार थोडं. फोनने दाबलेल्या जागा हाताने वर आणल्या, खालची गडगड जरा उतरवली, बास. मूळ फाइल तशीच वेगळी ठेवली आणि सोबत साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलं: कुठला फोन, हॉलमध्ये साधारण कुठे बसून, कोणाकडून आली, मी कुठल्या मिनिटाला काय बदललं. आपण गिटमध्ये कमिट मेसेज लिहितो तेवढंच काम.

कायद्याचं विचारणारे मेसेज येणार, म्हणून सांगून टाकतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा हक्क 50 वर्षांचा आहे. स्वतःच्या खासगी वापरासाठी रेकॉर्ड करायला कलम 39 मध्ये सूट आहे, पण ते यूट्यूबवर टाकून पैसे कमवायला नाही. म्हणून ही फाइल माझ्याकडे मागू नका.

उलट मीच मागतोय. जानेवारी 2023 ला त्या चारपैकी कुठल्याही शहरात तुम्ही किंवा तुमची ताई-दादा बसले असतील, तर आज रात्री जुना फोन चार्जिंगला लावा. फाइल सापडली तर व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, ते पुन्हा दाबतं. केबल लावून कॉम्प्युटरवर घ्या, नाव बदलू नका, तारीख बदलू नका. आणि शेजारचा माणूस खोकत असेल, तर खोकू द्या.