तागडी, व्रत आणि कायदा

कलबुर्गीहून सेडमकडे जाताना कागिणा नदीच्या काठी मळखेड लागतं. आपली मंडळी तिथं नेमिनाथाच्या बसदीसाठी जातात. हेच राष्ट्रकूटांचं मान्यखेट. नवव्या शतकात अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळी महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. हिशेबाला हात घालण्याआधी त्यांनी धान्य, सोनं, चांदी मोजायची मापं सांगून घेतली. माप ठरलं नसेल तर पुढचं गणित काय कामाचं?

माप खोटं असलं तर काय, हे आपल्या आचारशास्त्रानं त्याच्याही आधी सांगितलंय. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे पाच अतिचार आहेत. त्यातला एक हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घेताना मोठं माप आणि देताना लहान. दुसरा प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे चांगल्याच्या नावावर हलका माल खपवणं. श्रावकासाठी ही सरळ चोरीचीच भावंडं. पण व्रत पाळायचं ते दुकानदारानं. त्यानं नाही पाळलं, तर गिऱ्हाइकानं जायचं कुणाकडे?

याचं उत्तर यायला फार वेळ लागला. ते आलं कापसाच्या बाजारातून. वऱ्हाडातलं कारंजा हेही आपलं जुनं धर्मपीठ. तिथं १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानं देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्यबाजाराचा कायदा झाला. बिदर-गुलबर्गा तेव्हा निजामाच्या मुलखात. त्या राज्याचा शेतमाल-बाजाराचा कायदा १३३९ फसलीत, म्हणजे १९३० साली आला.

त्याची गरज का पडली, हे जुन्या अडतीची रीत पाहिली की कळतं. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. ज्याचा माल, त्यालाच तो कळायचा नाही. मग कडता, तोलाई, हमाली, नमुन्याचा पसाभर माल असं एकेक कापत जायचं. शेरही गावागणिक बदलायचा. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पण समोरचा शेर ८० तोळ्यांचाच आहे, हे शेतकऱ्यानं कसं ताडावं? १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून किलो टप्प्याटप्प्यानं आला. त्याच १९५६ च्या १ नोव्हेंबरला बिदर आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले. राज्य बदललं, भाषेचा कारभार बदलला; वजन मात्र पहिल्यांदाच सगळ्या देशाचं एक झालं.

‘अनुचित व्यापार प्रथा’ हा शब्द कायद्यात आला १९८४ साली, मक्तेदारीविरोधी कायद्याच्या दुरुस्तीतून. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं जिल्ह्याच्या ठिकाणी दाद मागायची सोय केली, तीही वकिलाशिवाय. २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानं ग्राहकाला आपण राहतो तिथंच तक्रार करता येते. मधे २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सदोष बियाणं घेतलेला शेतकरीही ग्राहकच. आळंद-भालकीचा माणूस सकाळी यार्डात तूर विकतो आणि दुपारी बियाण्याची पिशवी घेतो. सकाळी बाजार समितीचा कायदा त्याच्या पाठीशी, दुपारी ग्राहक कायदा. पावती मात्र दोन्हीकडे मागून घ्यावी.

आता आपल्या घरातलं बोलू. जुन्या कपातींमध्ये एक होती ‘धर्मादाय’. देवळासाठी, पांजरपोळासाठी, पाठशाळेसाठी शेतकऱ्याच्या पट्टीतून काही पैसे वळते व्हायचे. देणारा शेतकरी; पण त्याला कुणी विचारलेलं नसायचं. फरशीवर नाव कोरलं जायचं ते व्यापाऱ्याचं. जीवदया खरी, गाईंचा चाराही खरा. पण न विचारता घेतलेल्या पैशाचं दान करून अचौर्यव्रत टिकतं का, हा सवाल बाजाराच्या कायद्यांनी आपल्याला विचारायला लावला. खरं तर तो आपण पर्युषणातच विचारायला हवा होता.

कायदा आला म्हणून व्रत जुनं होत नाही. दंडाच्या भीतीनं तागडी सरळ राहिली तर गिऱ्हाईक वाचतं. कुणी पाहत नसताना सरळ राहिली तर दुकानदारही वाचतो.