इस्कंदरियेचा पाहुणा आणि आमचे दख्खन

देगलूरहून समुद्र कोणत्याही दिशेने लांबच. मिसरच्या किनाऱ्यावरची इस्कंदरिया आम्ही पाहिली ती पुस्तकातून, आणि तीही इब्न बतूताच्या डोळ्यांनी. मोरोक्कोतल्या तंजा शहराचा, काझींच्या घराण्यातला हा तरुण १४ जून १३२५ रोजी हजसाठी घराबाहेर पडला, तेव्हा एकवीस वर्षांचा होता. उत्तर आफ्रिकेचा किनारा धरत तो ५ एप्रिल १३२६ रोजी इस्कंदरियेला पोचला. त्याच्या दिल्लीच्या हकिकती आमच्याकडे बऱ्याच जणांना तोंडपाठ आहेत. इस्कंदरियेचे प्रकरण मात्र लोक घाईने उलटून जातात. आम्हाला वाटते, दख्खनची वाट तिथूनच फुटते.

शहराला चार दरवाजे होते. त्यांतला हिरवा दरवाजा फक्त जुम्म्याला उघडायचा. लोक त्यातून कबरींच्या जियारतीला जायचे. बंदराची त्याने तोंड भरून तारीफ केली. जगातली जी मोजकी बंदरे त्याने याच्या जोडीला बसवली, त्यांत आपल्या हिंदुस्थानातली कोल्लम आणि कालिकत ही दोन आहेत. मग तो प्रसिद्ध दीपस्तंभ पाहायला गेला. तीन बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीच्या लांब पट्ट्यावर ती उंच चौकोनी इमारत उभी होती. एक बाजू ढासळलेली होती. १३०३ च्या भूकंपाने तिला मोठा तडाखा दिला होता. दरवाजा जमिनीपासून बराच वर होता. समोर तेवढ्याच उंचीचे एक बांधकाम होते आणि दोहोंमध्ये फळ्या टाकल्या की आत जाता यायचे. फळ्या काढल्या की वाट बंद. या गृहस्थाने आतल्या वाटेची रुंदीसुद्धा वितींनी मोजून ठेवली : नऊ विती. पाहणे म्हणजे काय, ते या माणसाकडून शिकावे.

पण इस्कंदरियेत त्याच्या मनावर खरा परिणाम झाला तो एका अवलियाचा. शेख बुरहानुद्दीन हे पायाने अधू होते. त्यांच्याकडे तो तीन दिवस राहिला. एके दिवशी शेख म्हणाले की, तुला भटकण्याची ओढ दिसते. तेव्हा हिंदमध्ये माझे भाऊ फरीदुद्दीन, सिंधमध्ये रुक्नुद्दीन आणि चीनमध्ये बुरहानुद्दीन यांना भेट आणि माझा सलाम सांग. तोवर या दूरच्या मुलखांचा विचारही त्याच्या मनात नव्हता. पुढे त्या सगळ्यांना भेटून सलाम पोचवल्याचे तो लिहितो. इथे थोडे सावध राहायला हवे. बाबा फरीद तेराव्या शतकातच वारले होते. अजोधनला त्याला भेटले ते त्यांच्या घराण्यातले वारस. आठवणीतून सांगितलेल्या पुस्तकात असे व्हायचेच. १३५५ च्या सुमारास फास शहरात सुलतानाच्या हुकमावरून त्याने सांगितले आणि इब्न जुझय्यने लिहून घेतले.

इस्कंदरियेचा आणखी एक धागा थेट आमच्या गावापर्यंत येतो. इराकमधल्या सय्यद अहमद रिफाई यांचा सिलसिला मिसरमध्ये आणला तो अबुल फतह वासिती यांनी, आणि त्यांचे ठाणे इस्कंदरियेतच होते. पुढे इराकमध्ये उम्म उबैदा येथे रिफाईंच्या दर्ग्यावर इब्न बतूता गेला. तिथे डफ वाजत होते आणि फकीर पेटत्या निखाऱ्यांत शिरत होते, काही तर विस्तव तोंडात घालत होते. दूरच्या वाचकाला हे नवल वाटेल. देगलूरला झियाउद्दीन रिफाईंचा दर्गा आहे, कंधारला हाजी सय्याह सरवर मखदूम सईदुद्दीन रिफाई आहेत. लहानपणापासून रातीब आणि गुर्ज पाहिलेल्या आमच्या लोकांना त्या पानावर काहीही परके वाटत नाही.

शेखांच्या त्या बोलण्यानंतर सोळा वर्षांनी, १३४२ मध्ये, मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून चीनकडे निघालेला इब्न बतूता दौलताबादेला आला. शहराचे त्याने तीन भाग सांगितले : सुलतान आणि लष्कराचे दौलताबाद, दुसरे कटक आणि तिसरा देवगिरीचा किल्ला. सुलतानाचे उस्ताद कुतलुघ खान तिथे सुभेदार होते आणि त्यांचा अंमल तेलंगणापर्यंत होता. म्हणजे आमचा मुलूख त्यांच्याच हाताखाली. तळघरातले उंदीर मांजरापेक्षा मोठे, हे त्याने एका कैदी राहिलेल्या अमिराकडून ऐकले. गाणाऱ्या बायकांच्या तरबाबाद बाजाराचेही वर्णन आहे, आणि त्या बाजारात मशिदी होत्या व रमजानमध्ये तरावीह व्हायची, हेही तो सांगतो. आजच्या वाचकाला हे दोन्ही एकत्र पचायला जड जाईल. त्याला गेले नाही.

जवाहिरांचा व्यापार करणाऱ्या इथल्या धनिकांना लोक 'साहा' म्हणतात, असे तो लिहितो. आमचा 'साव' हा शब्द त्याच घरचा. आणि ते कसे, हे समजावताना तो मिसरच्या कारिमी व्यापाऱ्यांचे उदाहरण देतो. हिंदी महासागराचा मिरी-मसाला मिसरमार्गे भूमध्य समुद्राकडे पोचवणारे ते हेच लोक. मराठी बाजारपेठेचे माप त्याने मिसरच्या पेढीवर काढले.

मग तो नंदुरबारला जातो. इथले मराठे कारागिरीत तरबेज, वैदकी व ज्योतिष जाणणारे. त्यांच्यातले थोर लोक भात, भाज्या आणि तिळाचे तेल खातात, जेवणापूर्वी अंघोळ करतात, सात पिढ्यांच्या नात्यात लग्न करत नाहीत, दारूला शिवत नाहीत.

इथे आम्ही दर वेळी थांबतो. लिहिणाऱ्याचा कलमा आमचा, नमाज आमची. पण ज्यांच्याकडे तो नवलाने पाहतो आहे, ते कोण? आमच्यातले मोमीन, पिंजारी, लोहार, अत्तार, बागवान यांच्यापैकी कित्येकांचे पूर्वज त्या वेळी अरब काझींच्या बैठकीत नव्हते, ते नंदुरबारसारख्या गावांत हाताला हुन्नर असलेल्या माणसांत होते. शाळेत आम्हाला 'तुम्ही बाहेरून आलेले' असे ऐकावे लागले, आणि आमच्यातल्या काहींना अरबस्तानाशी नाते जोडण्याचा मोठा शौक. दोघांनीही हे पान वाचावे. बाहेरून आलेला माणूस या पानावर आहे. त्याने पाहिले, लिहिले आणि तो खंबायतच्या वाटेला लागला.

एक खुलासा. खंबायतनंतर त्याच्या प्रवासात 'कंदहार' येते, आणि आमच्याकडचे वाचक ते आमचे कंधार समजून खूश होतात. ते नाही. ते गुजरातच्या किनाऱ्यावरचे गंधार बंदर आहे. आमच्या कंधारला तलाव आहे, समुद्र नाही.

परतीच्या वाटेवर तो पुन्हा इस्कंदरियेला आला. काळ्या साथीचा जोर तेव्हा ओसरला होता. एका दिवसात १,०८० माणसे मेल्याचे त्याला तिथे कळले. दीपस्तंभ पाहायला तो पुन्हा गेला. आता दरवाजापर्यंत चढून जाणेही शक्य नव्हते. समोर दुसरा मनोरा बांधायला घेतलेला मलिक नासिर काम पुरे होण्याआधीच वारला होता. सुमारे सव्वाशे वर्षांनी, १४७७ ते १४७९ दरम्यान, सुलतान कायतबेने त्याच जागी किल्ला बांधला. इस्कंदरियेला जाणारे लोक आज दीपस्तंभाची जागा म्हणून तोच किल्ला पाहतात.