श्वसनमार्गातील जीवाणू आणि फुप्फुसाचा कर्करोग

निरोगी फुप्फुसे निर्जंतुक असतात, ही जुनी समजूत जीवाणूंच्या जनुकांच्या क्रमवाचनामुळे मागे पडली. लाळेच्या सूक्ष्म थेंबांबरोबर तोंडातील जीवाणू खालच्या श्वसनमार्गात सतत उतरतात. श्लेष्मा, खोकला व प्रतिकारपेशी त्यांना बाहेर काढतात. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांत मात्र व्हेइलोनेला, प्रिव्होटेला व स्ट्रेप्टोकॉकस या मुखवासी प्रजातींचे प्रमाण वाढलेले आढळते.

यावरून जीवाणूंना दोषी ठरवावे काय? गाठीने श्वासनलिका अरुंद झाल्यामुळेच ते साचत असतील, धूम्रपानाने जीवाणूंची वाढ व कर्करोग दोन्ही घडत असेल किंवा नमुना घेताना लाळ मिसळली असेल, हे आक्षेप रास्त आहेत आणि केवळ रुग्णांच्या निरीक्षणाने ते खोडता येत नाहीत. उत्तर प्रयोगातून मिळते. 'सेल' या नियतकालिकातील २०१९ च्या संशोधनात कर्करोगप्रवण उंदरांना जीवाणूमुक्त वातावरणात वाढवल्यावर किंवा प्रतिजैविके दिल्यावर गाठींची वाढ मंदावली. जीवाणूंनी चेतवलेल्या गॅमा-डेल्टा टी या प्रतिकारपेशी इंटरल्यूकिन-१७ हे प्रथिन स्रवून दाह वाढवतात व गाठीला पोसतात, असे त्यात दिसले. येथे जीवाणू आधी आणि गाठीची वाढ नंतर, असा क्रम असल्याने निव्वळ योगायोगाचा आक्षेप टिकत नाही. तरीही उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही. शिवाय सरसकट प्रतिजैविके देणे हा उपाय नव्हे. त्यांचा वापर झालेल्या रुग्णांत प्रतिकारोपचाराचा (इम्युनोथेरपीचा) परिणाम अनेकदा कमी दिसला आहे. जीवाणू हे या रोगाचे संभाव्य साहाय्यक आहेत. प्रमुख कारण तंबाखूचा धूरच आहे.