भुशाची शेगडी आणि गोळ्यांची चूल

कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. चूल मात्र दोन्हीकडं एकाच गोष्टीवर पेटायची, पऱ्हाट्यांवर. हा कापसाचा मुलूख. वेचणी संपली की झाडं उपटायची, मोळ्या बांधायच्या अन् बैलगाडीतून आणून घरामागं रचायच्या. मिरगाच्या आधी ज्या घरी पऱ्हाट्यांची गंजी अन् गोवऱ्यांचा ढीग झाकून ठेवलेला, त्या घरची बाई निर्धास्त. तुराटी झटकन पेट घेते, पऱ्हाटी धग धरते, गोवरी रात्रभर विस्तव राखते. हे कुणी कुणाला शिकवत नव्हतं.

या सरपणाला पैसा पडत नव्हता. त्याची किंमत डोळ्यांनी अन् छातीनं चुकवावी लागे. फुंकणी फुंकून फुंकून आमच्या आजीच्या डोळ्यांना कायमची धार लागलेली असायची. ती म्हणायची, "रडायला निमित्त लागत न्हाई आपल्याला, चूल हाय की!"

हा धूर जाणत्या माणसांना दिसला नव्हता असं नाही. जालना पूर्वी हैदराबाद राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होतं. त्याच हैदराबादेत एस. पी. राजू या अभियंत्यानं मागं धुराडं असलेली मातीची बिनधुराची चूल तयार केली अन् १९५३ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. पुढं १९८० च्या दशकात केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा देशभर कार्यक्रम काढला. लाखो चुली बसल्या, पण धुराडं काजळीनं तुंबलं की ती साफ करणारं कुणी नसे. मोठं पातेलं ठेवायचं म्हणून बायाच वैलाचं तोंड फोडून मोठं करत. २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला.

मधल्या काळात एक वस्तू सरकारशिवायच घरोघर आली होती, ती म्हणजे भुशाची शेगडी. लाकूड कापणाऱ्या आरा मशीनखाली भुशाचे ढीग पडत. पोतंभर भुसा चार-आठ आण्यांत मिळायचा, कधी फुकटही. शेगडी म्हणजे पत्र्याचा गोल डबा अन् बुडाशी बाजूला एक भोक. डब्याच्या मधोमध रिकामी बाटली उभी धरायची, बाजूच्या भोकातून एक दांडकं घालून तिच्या बुडाला टेकवायचं. मग सभोवार भुसा टाकत, मुठीनं दाबत दाबत काठापर्यंत भरायचा. शेवटी दांडकं ओढून घ्यायचं अन् बाटली गोल फिरवत हलक्या हातानं वर काढायची. मधे धुराड्यासारखी पोकळी राहते. खालून चिंधी पेटवून सरकवली की पोकळीची भिंत आतून बाहेर जळत जाते, जाळ वर येतो. भुसा सैल भरला तर मधेच ढासळणार, ओला असला तर नुसता धूर. नीट भरलेली शेगडी मात्र सकाळचा सगळा सैपाक उरकून वर अंघोळीचं पाणी तापवायची. एकच अट होती, एकदा भरली की भरली. मधेच वरून भुसा टाकता येत नाही, अन् विझवायचं म्हणलं तर ती विझत नाही.

हीच अट घेऊन पुढं गोळ्यांची चूल आली. बीपी ही तेल कंपनी अन् बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून 'ऊर्जा' नावाची चूल बनवली. २००६ पासून ती महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडूच्या खेड्यांत विकली जाऊ लागली. दिसायला उभ्या डब्यासारखी. तिला लागायच्या शेतातला काडीकचरा दळून, दाबून केलेल्या बोटाएवढ्या गोळ्या. भांडं गोळ्यांनी भरायचं, वर रॉकेलचे चार थेंब टाकून काडी लावायची अन् बटण फिरवायचं. आत बॅटरीवर चालणारा लहानसा पंखा. म्हणजे फुंकणीचं काम पंख्यानं घेतलं.

तिची करामत समजून घ्यायला सोपी आहे. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतो, अन् जाळ असतो तो त्या वायूचाच. हवा कमी पडली की तोच वायू न जळता बाहेर येतो, त्याला आपण धूर म्हणतो. या चुलीत विस्तव वरून खाली उतरत जातो. पंख्याची थोडी हवा खालून गोळ्यांतून जाते अन् वायू मोकळा करते. बाकीची हवा वरच्या काठाच्या भोकांतून येऊन तो वायू जाळून टाकते. म्हणून धूर नावापुरता. बटण कमी-जास्त केलं की आच कमी-जास्त. थंड देशांत घर उबदार ठेवायला अशाच गोळ्यांच्या शेगड्या असतात. तिथं मळसूत्री दांडा गोळ्या आपोआप पुढं ढकलत राहतो. आपल्या चुलीत ते नव्हतं. एका भरणीत तासाभराचा सैपाक, मग राख झटकायची अन् पुन्हा भरायचं.

सुमारे चार लाख चुली खपल्या. २००९ मध्ये बीपीनं अंग काढून घेतलं अन् पुण्याची फर्स्ट एनर्जी कंपनी ती चालवू लागली. पण गोळ्यांसाठी लागणारं उसाचं चिपाड महागलं, गोळ्यांचा भाव चढला अन् कितीतरी घरांतल्या चुली फडताळात गेल्या. चूल चांगली होती, पण तिचा घास बाजारातून यायचा. पऱ्हाटी अंगणात होती, भुसा गल्लीच्या तोंडाशी होता. गोळीचं पोतं मात्र दुसऱ्याच्या भावानं अन् दुसऱ्याच्या गाडीनं येणार.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली अन् गॅस गरिबांच्या घरात पोहोचला. डोळ्यांचं पाणी थांबलं ही लहान गोष्ट नव्हे. पण टाकी भरायचे पैसे नसले की पुन्हा चूलच पेटते. आता गुलाबी बोंडअळीमुळं पऱ्हाट्या घराजवळ साठवू नका, असं कृषी खातं सांगतं. त्या शेतातच यंत्रानं बारीक होतात किंवा पांढऱ्या कोळशाच्या कांड्या होऊन कारखान्यांच्या बॉयलरला जातात. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात अशा गोळ्या मिसळाव्यात, असं धोरण केंद्र सरकारनं २०२१ मध्ये पक्कं केलं.

म्हणजे आमच्या शिवारातली काडी आज मोठ्या भट्टीत बिनधुराची जळू शकते. ती ज्या बाईनं वाकून उपटली, तिच्या सैपाकघरात तशी जळावी, तिला परवडेल अशा भावात, एवढंच सत्तर वर्षांत जमलेलं नाही.